ओढ्याची दोन नावं

आमच्या शिवारात तो ओढा होता,
बसगौडाच्या घरात हळ्ळ.
पाणी एकच. आम्ही दोघं त्यात उघडे,
भाताच्या बांधातल्या बिळात हात घालून
नांगी चावेपर्यंत थांबायचो.
चावली की तो कन्नडात ओरडायचा, मी मराठीत,
आणि भांगलणारी नागुबाई दोघांनाही
एकाच भाषेत शिव्या घालायची.

मध्यभागी काळा दगड, म्हशीच्या पाठीसारखा.
तो बुडला की शाळा नाही.
पाऊस किती झाला, असं गुरुजी विचारायचे नाहीत.
विचारायचे, "म्हस बुडली काय रे?"

बसगौडाची आई सुताच्या लडी धुवायला यायची.
निळा रंग दोन हात वाहत जायचा,
मग पुसून जायचा.
आम्हाला वाटायचं, पाणी सगळं विसरतं.

दहावीत आपटलो तेव्हा वरच्या अंगाला
निकेल पॉलिशचा कारखाना आला होता.
भरमाणी मिस्त्रीनं नाव लिहून घेतलं,
रबरी हातमोजे दिले.
दुसऱ्या पाळीत टाक्या धुणं माझ्याकडं.
रात्री साडेअकराला एक लाल चाक फिरवायचं,
डावीकडं, अडीच फेरे.
कुठं जातंय, मी विचारलं नाही.
उताराचं पाणी कुठं जातं
हे त्या कारखान्यात
माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

पहिल्या पगारातून बहिणीला सायकल घेतली.
ती पुलावरून जायची
एका हातानं हँडल धरून,
दुसऱ्यानं नाक.

मुऱ्या आधी गेल्या. मग बेडूक.
खेकडे काही दिवस डांबरी रस्त्यावर आले,
चाकांखाली चुरडले,
चालले होते कुठंतरी.
नव्या भाताला वास यायला लागला.
नागुबाईनं ताट सरकवून ठेवलं,
एकही शिवी न देता.

पाट्यांवरून गावात भांडणं झाली,
कुठली भाषा वर, कुठली खाली.
रात्रीत डांबर फासलं, सकाळी बस अडवली.
पुलावर पाटी लागली तेव्हा मात्र
दोन्ही लिप्यांत शब्द एकच: नाला.
त्यावर कुणी काही बोललं नाही.

परवा बसगौडा भेटला. गुडघा दुखालाय म्हणाला.
चहा घेतला, पुलावर थांबलो.
म्हस अजून तिथंच आहे,
पाठीवर पांढरट साय धरून.
"आता बिळात हात घातला तर
चावंल काय रे काही?" त्यानं विचारलं.

मी हात खिशातच ठेवले.
डाव्या मनगटाला अजून सवय आहे,
अडीच फेरे.