शंभर थेंब

खानापूरच्या दवाखान्यातून कुपी आणली
बर्फाच्या दोन पिशव्यांत दाबून, चहाच्या थर्मासात,
आणि लाल बसमध्ये मांडीवर धरून बसले.
कंडक्टर म्हणाला, एनु अक्का, ऊटा?
म्हटलं, कोळी लसिके.
तो हसला. त्याची कोळी म्हणजे कोंबडी,
आमचा कोळी आढ्याला जाळं विणतो.
आणि पिल्लाला ते म्हणतात मरी.

कार्डावर छापलंय तसंच, गोल गोल अक्षरांत.
पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं तेव्हा
भरमव्वानं पदर तोंडाला लावला,
"तिन्हीसांजेला मरीचं नाव घेऊलालीस गे?"
तिला समजावता समजावता मलाच कळेना,
एका शब्दाला तिकडे पिसं फुटतात
आणि इकडे त्यानं गाव वेशीबाहेर जातं.

गेल्या माघात आली होती मानमोडी.
कागदावर राणीखेत. कुठल्याशा थंड डोंगरातलं नाव,
तोपिनकट्टीच्या उकिरड्यावर मरायला आलं.
हिरवी शीट. चोच उघडी.
मग मान अशी फिरायची
जशी मागून कुणी हाक मारलीय
आणि हाक संपतच नाही.
शट्टूप्पाच्या परड्यात एका सकाळी सतरा.
खड्डा त्यानं खणला, मोजल्या त्याच्या लेकीनं.

कुपी पाण्यात मिसळली की दोन तास. त्यापुढं ते नुसतं पाणी.
म्हणून दिवेलागणीला निघायचं, कोंबड्या डालग्यात शिरल्यावर.
निंगूबाई बॅटरी धरते, मी पंख.
एका डोळ्यात एक थेंब,
आणि थांबायचं, पापणी मिटेपर्यंत.
कोंबडीची पापणी खालून वर येते,
हे चाळीस वर्षं कोंबड्या पाळून
मला यंदा कळलं.

ब्याऐंशी. त्र्याऐंशी. कल्लूबाईची खुडूक तळहातावर टोचली.
चौऱ्याऐंशी.
मग देवळामागच्या चिंचेवर तो,
लक्ष्मीला सोडलेला तांबडा कोंबडा,
कुणाचा नाही म्हणून साऱ्यांच्या दारचं खातो,
साऱ्यांच्या डोणीत चोच बुडवतो.

शट्टूप्पा आडवा आला.
"देवीचा हाय त्यो. सुई लावायची न्हाई."
सुई नाही, थेंब.
"जत्रा तेवीस दिवसांवर. कापायचाच की.
औषध कुणासाठी वाया घालवूलालीस?"
लोक जमले. कुणी म्हणालं खरंच की.
थर्मासातला बर्फ विरघळत होता, मला तो ऐकू येत होता.

मी म्हटलं, दादा, तुझ्या सतरा गेल्या
त्याआधी दोन दिवस पाणी प्यायला कोण आलं होतं?
तो गप्प.
असं बोलायला नको होतं.
कोंबडा आला होता की नव्हता, मला काय माहीत,
मी तेव्हा माहेरी होते, गर्लगुंजीला.

थोड्या वेळानं म्हणाला,
"मान तिच्यापुढं जायची. वाटेत मोडायची न्हाई."
आणि स्वतःच चढला चिंचेवर, पन्नाशीचा माणूस, धोतर खोचून.
खाली उतरला तेव्हा कोंबडा त्याच्या काखेत शांत होता,
त्याच्या कोपरातून रक्त येत होतं.
त्यानंच डोकं धरलं.
त्यानंच थांबवलं मला, "मिटू दे, अजून मिटली न्हाई."

पंधरा थेंब उरले. खड्डा, चुना, वर दगड.
घरी येऊन रजिस्टर भरलं, कन्नडमध्ये,
मराठीत लिहिलेलं साहेब परत पाठवतात.
पंचाऐंशी. नर, तांबडा.
मालकाचे नाव: लक्ष्मी.
वडिलांचे किंवा पतीचे नाव
यापाशी पेन थांबलं.
मोबाइल नंबराच्या घरात रेघ ओढली.
पुढच्या डोसाची तारीख मात्र लिहिली,
जत्रेनंतरची, सगळ्यांना लिहिली तीच.