वापरलेली चालेल

तपकीर गल्लीत मुनाफने झाकण उघडलं,
फुंकर मारली.
धूळ उडाली, माझ्याच घरची,
थोडी भाजणीसुद्धा.

"चार जीबीच्या वर बोर्ड घेतच नाही.
नवी चौदाशेला. पण बाई, खरं सांगू?
हार्ड डिस्कच दमलीय."

पावतीच्या पाठीवर मी हिशेब मांडते:
महिन्याला दहा-बारा लग्नपत्रिका,
एखादं दशक्रियेचं कार्ड,
शिवाय तो सुरू होईस्तोवर
निवांत होणारा चहा.
चहा कुठल्या बाजूला धरायचा?

"राहू दे." तीन पायऱ्या उतरते,
परत चढते.
"वापरलेली आहे का एखादी?"
"आहे. साडेचारशे."
"आधीच्यांचं काही राहत नाही ना आत?"
"छे. लाईट गेली की कोरी."

मी पैसे मोजते.
एक नोट पिठाळ.