जवळची वस्ती

संमतीच्या अर्जात एक रकाना असतो:
जवळची वस्ती, अंतर मीटरमध्ये.
बारा वर्षं भरते आहे मी तो,
पावण्याच्या, रबाळ्याच्या, तुर्भ्याच्या कारखान्यांसाठी,
आणि छेडांच्या प्लांटपुरता तो आकडा
नकाशा न उघडता मला पाठ आहे.
आठशे साठ.
कोपरखैरणे, नाल्यालगतची इमारत, तिसरा मजला,
जिथं दोरीवर माझ्याच ओढण्या वाळतात.

मढवीसाठी एकदा चिठ्ठी लिहून ठेवली होती:
चिमणीची उंची तीस मीटर, झाकण वीसवर.
रेणू तेव्हा पहिलीत. जोडाक्षरं लावत वाचलं तिनं,
मग म्हणाली, एवढी चिमणी? आणि पिल्लं केवढी?
मी तिला सूत्र दाखवलं,
चौदा गुणिले क्यूचा शून्य पूर्णांक तीन घात.
ती बघत राहिली. मी पान उलटलं.

मंगळवारी हरेश मढवी चढला,
कमरेला पट्टा, खांद्यावर पंपाची नळी.
झाकणाचे बोल्ट गंजलेले,
मी खालून ओरडते आहे, ग्रीस लाव, हातोडा नको.
मढवी पावणे गावचा. चिमणी उभी आहे तिथं
त्याच्या आजोबांचं भाताचं खाचर होतं म्हणतो,
आणि वर पोचला की आधी खाडीकडे बघून घेतो,
मग कामाला लागतो.

धूर ज्या वेगानं वर निघालाय
त्याच वेगानं आपण तो ओढायचा.
जरा जोरात ओढला, हिशेब खोटा.
जरा हळू, तरी खोटा.
नव्या पोरांना सांगते,
वरातीत चालतो तसं, नवरदेवाच्या पुढेही नाही, मागेही नाही.

थिंबल आधी तोललेली, आता पुन्हा तोलायची.
फरक इतकासा, की तराजूचं दार बंद असूनही
मी दोन पावलं मागे सरते,
माझा श्वास त्यात धरला जाऊ नये म्हणून.
एकेचाळीस. मर्यादा पन्नास.
आकडा खरा होता.
त्या दुपारपुरता खरा,
रिॲक्टर तीनमध्ये बॅचच नव्हती तेव्हा,
आणि स्क्रबरचं पाणी असं ताजं
की पीएचचा कागद निळाशार निघाला.

रात्री पावणेतीनला येतो तो वास निराळा.
कुजक्या कोबीवर कुणी रॉकेल ओतावं तसा.
शेजारचे ओक खिडक्या लावून घेतात,
तक्रारीत लिहितात, "उग्र दर्प".
मला त्याचं नाव ठाऊक आहे,
किती अंशाला सुटतो तेही,
आणि कुठला डँपर उघडला
की स्क्रबरला वळसा घालून निघतो.
पण नाकाला कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट नसतं.
मी पंखा वाढवते. रेणूचं पांघरूण नीट करते.

यंदा अहवालात एक ओळ टाकली, आठव्या पानावर,
तक्त्याखाली, बारीक टाइपात:
नमुना घेताना उत्पादन, क्षमतेच्या अडतीस टक्के.
छेडांचा फोन आला. आवाज चढला नाही त्यांचा,
कधीच चढत नाही.
"मॅडम, ही ओळ मंडळानं मागितलीय?"
नाही.
"मग?"
मी म्हटलं, तुमचा आवाज तुटतोय.
तुटत नव्हता.

मागची तीन वर्षं ती ओळ मी टाकली नव्हती.
तेव्हाही टक्के माहीत होते.
त्या पैशांतून घराचे हप्ते गेले,
या खिडकीला सरकत्या काचा बसल्या.

अहवाल टेबलावर आहे. सही झाली, शिक्का राहिलाय.
मढवी विचारून गेला, पुढच्या आठवड्यात चढायचंय का,
पट्ट्याचं बकल सैल झालंय, बदलतो म्हणाला.
बदल, म्हटलं.
आणि बॅटरी आण. मोठी.