नियमाखालची मगर

सांगली-मिरज सिटी बस, सकाळी सात चाळीसची.
डावीकडून तिसरी खिडकी, वर निळ्या रंगात:
'हात बाहेर काढू नये.'
आणि 'ये'च्या मात्रेला शेपूट गुंडाळून
एक वीतभर हिरवी मगर,
दोन्ही हात बाहेर काढून
वारा खात बसलेली.

माझ्या मांडीवर डबा होता, डब्यात बर्फ,
बर्फात दोन पिशव्या बी-निगेटिव्ह,
मिरजेत कुणीतरी टेबलावर वाट बघत होतं.
हसायची वेळ नव्हती.
हसलो.

दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी.
'विनातिकीट प्रवास हा गुन्हा आहे.'
खाली मगर, दातांत घट्ट धरलेलं तिकीट.
अर्धं.
कंडक्टर मगदूमबाई सुट्टे मोजता मोजता म्हणाल्या,
"निम्मंच की. तो मगर म्हणतंय का कोण?
ती मगर. बायकांना निम्मं."
मार्केट यार्डात चढलेला, भुवयांपर्यंत हळदीनं पिवळा माणूस
मागून म्हणाला, "आणि सुसर असली तर?"
"ती पण बाईच."
"कासव?"
बाई जरा थांबल्या.
"ते नपुंसकलिंगी. त्याला फुल्ल."

त्या आठवड्यात मी मुद्दाम दोन गाड्या सोडल्या
(डबा रिकामा होता, परतीचा. उगाच गैरसमज नको).
'चालकाशी बोलू नये': मगर, चालकाच्या कानाला लागलेली.
'दारात उभे राहू नये': मगर, दारात,
एका पायावर, केस विंचरत.
केस! मगरीला!
विश्रामबागेला चढलेली शाळेची पोरं
नियम मोठ्यानं वाचायला लागली होती,
जन्मात पहिल्यांदा.

दस्तगीर नदाफ, पेंटर, डेपोचं वर्कशॉप.
रॉकेलात ब्रश बुडवून बसलेला माणूस,
निवृत्तीला अकरा दिवस.
"एकतीस वर्षं 'नये' लिहिलं," म्हणाला,
"थुंकू नये, वाकू नये, टेकू नये.
हाताला वळणच पडलं बगा.
घरी दुधाचा हिशेब लिहायला घेतला
तरी खाली 'नये' उमटायचं."

मग पूर आला. हा वर्कशॉपच्या पत्र्यावर,
सोबत दोन मेकॅनिक आणि एक शेळी.
खाली फाटकावर ह्याच्याच हातची पाटी:
'परवानगीशिवाय आत येऊ नये.'
तिच्या खालून एक खरी मगर आली,
सावकाश, शिफ्टला आल्यासारखी,
पाच नंबरच्या खड्ड्यावरून एक चक्कर मारली
आणि गेली.
"पाटीकडं बघितलंसुद्धा न्हाई तिनं."

ब्रश पुसत पुसत म्हणाला,
"आमच्या घरच्या बोलीत मगर म्हंजे 'पण'.
अम्मा म्हणायची, जा खेलने, मगर अंधेरा नको करू.
तवा ठरवलं.
नियम साहेबांचा लिहायचा.
पण आपला जोडायचा."

तो गेला तसे स्टिकर आले.
छापील, पांढरे, सरळ;
त्यांतल्या 'नये'ला माणसाचा हात लागलेला नाही.
एका रविवारी सगळ्या गाड्यांत चिकटवून झाले.
सोमवारी पोरांनी वाचायचं सोडलं.
हळदीचा माणूस झोपून जातो आता, वानलेसवाडीपर्यंत.

फक्त सात चाळीसच्या गाडीत,
तिसऱ्या खिडकीत ऊन थेट येतं,
डिंक मऊ होतो,
स्टिकरचा कोपरा उठतो
आणि एक हिरवा पंजा
बाहेर.

मी खरवडत नाही. डबा दोन्ही हातांनी धरायचा असतो.
काल भारती हॉस्पिटलपाशी तपासणीस चढला,
तेव्हा मगदूमबाई माझ्या डोक्यावरून वाकल्या,
अंगठ्यानं कोपरा दाबून धरला,
"तिकीट, तिकीट" म्हणत तशाच उभ्या राहिल्या
मिशनच्या थांब्यापर्यंत.
तो उतरला.
बाईंनी अंगठा काढला,
त्याच्यावरचा डिंक पदराला पुसला
आणि मला म्हणाल्या,
"सरका जरा. तिला वारा लागू दे."