विचारलंत म्हणून सांगतो

धावत धावत विमानतळावर येऊन
नायिकेला अडवणारा नायक
मला बिलकुल आवडत नाही.
बावीस वर्षं मी शारजाला बॅगा चढवतोय.
प्रेमापायी थांबलेलं एकही विमान बघितलं नाही.
माणसं अडतात ती वजनापायी.
सात किलो जास्त भरतं,
मग माणूस तिथंच फरशीवर बसतो,
बॅग उघडतो, आणि ठरवतो
कुणाचं काय काढायचं:
बहिणीची इस्त्री, आईचं ब्लँकेट,
की पोराची रिमोटवाली गाडी.
हा सीन अजून कुणी घेतलेला नाही.

आणि आमच्यावर काढलेले सिनेमे!
वाळू, उंट, सोन्याच्या दाताचा शेख,
नायक गावी परततो तो पांढऱ्या सुटात.
अहो, मी परततो तेव्हा
अंगात एकावर एक चार शर्ट असतात.
महाड सोडलं की एसटीत एकेक उतरवत जातो.
मंडणगडला पोचतो तो माणूस
निघाला त्याच्या निम्म्याचा.

मारामारी चालते. गाणी चालतात.
बाप रडलेला चालतो,
पण त्याला शेवटच्या रिळात कॅन्सर देऊ नये.

इथं थेटरात येईपर्यंत चुंबन कापलेलं असतं.
ओठ जवळ येतात, येतात,
आणि एकदम दोघं चहा पीत बसलेली.
पूर्वी चिडायचो. आता नाही.
मेहरुनचं नि माझं तरी काय झालं?
चाळीस दिवसांची रजा, मग कट,
आणि एकदम अर्शद चालायला लागलेला.

सगळ्यांत नावडता सिनेमा
मी अकरा वेळा पाहिलाय.
तेव्हा सज्ज्याच्या कॅम्पवर होतो.
व्हीसीआर एक, कॅसेट एक,
तीही आत अडकलेली, निघता निघेना.
जुळे भाऊ, जत्रा, अर्धा तुटलेला ताईत,
आंधळा वकील, त्याला शेवटी दिसायला लागतं
ते नेमकं खुन्याचं तोंड.
वाईट सिनेमा आहे. शपथेवर सांगतो.
तरी अजून एखाद्या शुक्रवारी
भांडी घासताना वकिलाचं भाषण तोंडात येतं,
आणि बिजू, ज्याला त्यातला एक शब्द कळत नाही,
पुढची ओळ मल्याळी हेल काढून
बरोबर म्हणतो.

आवडता?
नाव नाही सांगता यायचं.
पाट्या येऊन गेल्यावर पोचलो होतो,
रोल्याच्या मागच्या थेटरात, जून महिन्यात,
खरं तर एसीसाठी.
एक माणूस घड्याळ दुरुस्त करतो. एवढंच.
समोर एक बाई बसलेली. बोलत नाही.
घड्याळ कुणाचं, तेही कळत नाही.
खाली अरबी अक्षरं उजवीकडून डावीकडे जात होती,
पुढच्या रांगेतला म्हातारा मिसरी
ती आधी वाचून आधीच उसासे टाकायचा,
त्यामुळे दुःख येतंय हे आम्हाला
दोन सेकंद अगोदर कळायचं.
माणसानं केसाएवढं चाक चिमट्यात उचललं,
श्वास रोखला.
अख्ख्या थेटरानं रोखला.
आणि माझ्या कमरेला पेजर थरथरला.
कार्गो आलं होतं, माणसं कमी होती.

रात्री खोलीत विचारलं.
बिजू म्हणाला, घड्याळ चाललं, बाई हसली.
गुलजमान म्हणाला, कसलं चाललं,
बाई मध्येच उठून गेली, घड्याळ तिथंच टाकून.
निमल तर झोपला होता.
त्यानं सांगितलेला शेवट
सगळ्यांत चांगला होता.
त्यावर ते तिघं भांडले, डाळ करपली,
आणि आम्ही खबूस नुसता लोणच्याशी खाल्ला.

परवा फोनवर अर्शद म्हणाला,
अब्बा, गोष्ट सांगा, दोन मिनिटांत शोधतो,
शेवटासकट पाठवतो.
म्हटलं, नको.
फी भरलीस का, ते सांग.

ते चाक अजून चिमट्यात आहे.
असू दे.

आणि एक राहिलंच:
सिनेमा संपायच्या आत दिवे लावणारा तो थेटरवाला,
त्याच्याबद्दल माझं मत
जेवणाआधी सांगण्यासारखं नाही.