काटा मध्ये येईपर्यंत

गाडी उजवीकडे कलते
हे आधी सोसायटीच्या वॉचमननं सांगितलं.
"ताई, तुमची झेन पानवाल्याच्या कानात
काहीतरी सांगितल्यासारखी उभी राहते."

मी म्हटलं, बिबवेवाडीतली फरशीच उतरती, पाणी जायला.
पुण्यात दोष आधी बिल्डरचा.
गाडी उलटी लावून पाहिली, तोंड भिंतीकडे.
फरशी तीच, उतार तोच,
तरी ती कलली
तिच्या स्वतःच्याच उजवीकडे.

मग हवा. चारही चाकांत तीस-तीस.
पंपावरचा पोरगा म्हणाला, रोज एकटंच बसलं की
ड्रायव्हरची बाजू दबते.
पन्नाशीतल्या बाईला वजनावरून बोलायची ही एक रीत.
मी सुट्टे पैसे परत घेतले.

नाना पेठेत बशीर तांबोळी.
त्याच्या बोळात दोन गाड्या मावतात,
तिसरी नमस्कार करून मागे जाते.
त्यानं माझं ऐकून घेतलं नाही. टेप काढला,
शिंप्याचा, पिवळा,
आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या ओठापर्यंत
चार मापं घेऊन खडूनं दारावर लिहिली.
पुढचं उजवं सगळ्यात कमी.
मागचं डावं सगळ्यात जास्त.
"बघा, पुढची उजवी स्प्रिंग बसली," मी.
"जिथं दुखतं तिथंच दुखणं असतं का?" तो.

पुढून, बरोबर मधोमध, जॅक लावला.
नाक एका बिंदूवर उचललं.
"आता पुढच्या दोघींना मत नाही.
आता कलली, तर मागची बोलते."
कलली.

मागचं डावं चाक उतरलं. बॅटरी आत गेली.
स्प्रिंगच्या वळ्यांत, वाळलेल्या चिखलाखाली
रबराचा ठोकळा, दगड झालेला.
उजवीकडे नाहीच.
"हे जोडीनं घालतात. कुणी घातला?"

आप्पा काटे दुरुस्त करायचे. परवानाधारक.
मार्केट यार्ड, सासवड, शिरवळ.
मागच्या सीटखाली डावीकडे वीस-वीस किलोची
पाच लोखंडी वजनं, शिक्क्याची, गोणपाटात.
डावीकडेच, कारण उतरवताना पाठीशी ट्रक नको.
गाडी तिकडे वाकायची, आणि अडते हसायचे,
काटे सरळ करणाऱ्याची गाडी वाकडी.
एका रविवारी ते गाडीखाली पालथे होते,
बोनेटवर पाण्याचा पेला, आणि मला काम एवढंच,
पाणी काठाला कुठं लागतं ते ओरडून सांगायचं.

मग इलेक्ट्रॉनिक काटे आले. मग आप्पा गेले.
वजनं मीच जुन्या बाजारात नेली, किलोच्या भावानं.
भंगारवाल्यानं त्याच्या काट्यावर तोलली,
शंभराची सत्त्याण्णव भरली.
मी भांडले नाही.
त्यांनी आधी त्याचा काटा उघडला असता.

वजन गेलं, टेकू राहिला.
चौदा वर्षं मी स्टिअरिंग किंचित डावीकडे धरत होते
आणि त्याला रस्ता म्हणत होते.

बशीरनं पहारीनं ठोकळा उपसला. दोनशे रुपये.
"स्प्रिंगा चारही ठणठणीत. विकायची झाली तर मला सांगा."
ठोकळा त्यानं नटबोल्टच्या डब्यात टाकला,
मी काही बोलले नाही, निघाले.
बोळाच्या तोंडाशी थांबले. रिव्हर्स घेतला. मागितला.
त्यानं पुसून दिला.

सेव्हन लव्हज चौक. सिग्नलला एकशे दहा सेकंद.
डॅशबोर्डवर अर्धी बाटली.
पाणी इकडे गेलं, तिकडे गेलं, परत थोडं इकडे.
आप्पा म्हणायचे, काटा मध्ये येईपर्यंत
गिऱ्हाइकानं बोलू नये,
दुकानदारानं तर नाहीच.
दिवा हिरवा झाला असावा,
मागचा टेम्पोवाला माझ्या घराण्याचा उद्धार करत होता.
थांब जरा, बाबा.
अजून हलतंय.