काल्दो

दुसऱ्या पाळीला ते मशीन उघडलं.
इटलीतल्या कुठल्यातरी बंद पडलेल्या कारखान्यातून
लिलावात उचललेलं, बोटीत गंजलेलं.
जालन्याच्या एमआयडीसीत त्याची अक्षरं वाचणारा
मी एकटाच: आयटीआय, फिटर, इंग्रजी पास.
व्हॉल्व्हवर खोदलं होतं
सी, ए, एल, डी, ओ.
म्हणलं, कोल्ड हाय. त्यांचं स्पेलिंग असंच असतंय.
खदीरभाईनं हातमोजा काढून बाजूला ठेवला
आणि चाक फिरवलं.

पुढचं सांगत नाही.
त्या हाताची तीन बोटं आता दुमडत नाहीत.

तेव्हापासून एक वही आहे माझ्याकडं,
मागच्या पानांवर पोरीची वजाबाकी.
काल्दो म्हणजे गरम.
जर्मनीत काल्ट म्हणजे गार.
दिसायला सख्खे, कूळ निराळं.
कोल्ड जेलीच्या भावकीतला, गोठण्याच्या.
काल्दोची मुळी उबेची, आणि कुणी म्हणतं
आपला शरदही त्याच मुळीचा.
खात्री नाही.
पण ऑक्टोबरात भट्टीपुढं उभं राहिलं की पटतं.

जर्मन डब्यावर गिफ्ट लिहिलेलं असलं
तर तोंडाला लावायचं नाही, विष असतंय ते.
भेट काय नि विष काय, दोन्ही देण्यातूनच निघालेत.
डॉक्टरचा डोससुद्धा ग्रीकांकडचं देणंच,
आपल्या दानाचा लांबचा भाऊ.
बुर्रो: इटलीत लोणी, स्पेनात गाढव.
हे खदीरभाईला सांगितलं असतं तर हसला असता.

सांगायला गेलो नाही.

ऑफिसात साहेबांनी त्याच्यापुढं कागद सरकवला.
वर ठळक अक्षरात: राजीनामा.
त्याच्या वडलांच्या उर्दूत
राजीनामा म्हणजे समझोता,
दोघंही राजी झाल्याचा कागद.
मराठी येत नव्हती असं नाही, जन्म कादराबादचा.
तरी विचारलं त्यानं, "कौन राजी है, साब?"
साहेब म्हणाले, इथं सही.
डाव्या हातानं केली, वाकडी.
मी दारापाशी उभा होतो.
स्पेलिंग माझं होतं.

ही जोडी वहीत कुठल्या रकान्यात लिहायची,
अजून ठरलं नाही. पान कोरं आहे.

परवा एक घरातलीच सापडली:
नाव आणि नाव.
एक हाक मारायचं, त्यांच्याकडं नोमे.
एक पाण्यावरचं, त्यांच्याकडं नावे.
तिकडं अजून वेगळी चूल मांडून आहेत,
आपल्याकडं झिजून झिजून
एकाच तोंडाचे झाले.
पोरीला विचारलं, कसं ओळखायचं?
म्हणली, पप्पा, कामून? वाक्यात कळतंय की.

रविवारी कुंडलिकेचा पूल ओलांडला.
खाली नाव चालेल एवढं पाणी
मी तरी कधी पाहिलं नाही.
पल्याड त्याचा चहाचा गाडा.
काही न बोलता ग्लास पुढं केला, डाव्या हातानं.
"देख के पकड. गरम है."
मी बुर्रोचं सांगितलं.
हसला, अगदी खोकला येईपर्यंत.
साहेबाचं नाव घेऊन विचारलं,
"ये कौनसा वाला, मस्का या गधा?"
मग फडक्यानं गाडा पुसत,
माझ्याकडं न बघता,
"और वो पैला लफ्ज, रे.
उसका मतलब क्या था?"